ऑख्लोस म्हणजे कोण?

दक्षिण कोरियात, सेऊलच्या प्योंगह्वा बाजारात शिलाईच्या कारखानदारांनी एका मजल्याचे आडवे दोन करून टाकले होते. छत जेमतेम दीड मीटरवर. ताठ उभं राहणं विसराच. 13-14 वर्षांच्या मदतनीस पोरी तिथे दिवसभर वाकून राबत. जॉन तेइल तिथलाच कापड बेतणारा कारागीर. बसचे पैसे तो या उपाशी पोरींच्या पावावर घालवी आणि रात्री पायी घरी जाई.

कामगार कायदा 1953 पासून होता, पण चिनी अक्षरांनी गच्च भरलेला. शाळा सुटलेल्या जॉनला तो झेपेना. कॉलेजातला एखादा मित्र असता तर, असं तो म्हणायचा. 13 नोव्हेंबर 1970 ला, ‘आम्ही यंत्रं नाही’ म्हणत त्याने स्वतःला पेटवून घेतलं. वय 22.

तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता. कॉलेजवाले जागे झाले ते त्यानंतर. त्यांत जर्मनीत शिकून आलेले बायबलचे अभ्यासक आन ब्योंग-मू होते. त्यांनी मार्कचं शुभवर्तमान मूळ ग्रीकमध्ये नव्याने वाचलं आणि एका साध्या शब्दापाशी थबकले. देवाची प्रजा या अर्थाचा ‘लाओस’ हा भारदस्त शब्द मार्क जवळजवळ वापरतच नाही. येशूभोवती सतत असतो तो ‘ऑख्लोस’, म्हणजे नुसती गर्दी. रोगी, जकातदार, धर्माने पापी ठरवलेले. बायबलातल्याच पौलाच्या पत्रांत हा शब्द नाहीच. मराठी बायबलात त्याचा ‘लोकसमुदाय’ होतो, आणि आपण तो सहज ओलांडून पुढे जातो!

आन म्हणाले, ही गर्दी म्हणजेच आपलं ‘मिनजुंग’, दबलेली सामान्य जनता. ती कथेची पार्श्वभूमी नाही. तिच्याशिवाय येशू समजतच नाही. धर्मचिंतक सो नाम-दोंग यांनी त्याला ‘हान’ची जोड दिली. पिढ्यान्‌पिढ्या गिळलेला, मनात गोठून बसलेला अन्याय म्हणजे हान. त्याला आधी वाचा फुटू द्या, पापाचा हिशेब नंतर, असा त्यांचा रोख. हुकूमशहा पार्क चुंग-हीच्या राजवटीला हे कसं रुचावं? 1976 मध्ये लोकशाहीची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावरून दोघांनाही अटक झाली.

मला मात्र यातली एक गोष्ट राहून राहून खटकते. त्याच काळात सेऊलच्या गरीब वस्त्यांतली माणसं हजारोंनी शहरातल्याच योइदो बेटावरच्या भव्य चर्चकडे वळत होती. तिथे ऑख्लोसची चर्चा नव्हती. आजार बरा होईल, घरात बरकत येईल, असं आश्वासन होतं.