वेधेतर काम (खगोलशास्त्र)

संशोधक खगोलशास्त्रज्ञाच्या कामाचा प्रत्यक्ष वेध (निरीक्षणे) घेण्यापलीकडचा भाग. दुर्बिणीच्या वेळेसाठी प्रस्ताव, वेधांचे संस्करण (कच्च्या नोंदींतले दोष काढून वापरण्याजोगी मापे मिळवणे), शोधनिबंधांचे लेखन व परीक्षण ही त्याची मुख्य अंगे. मोठ्या दुर्बिणीवर एकेकाच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच रात्री येतात आणि त्यांतलेही बरेच वेध वेधशाळेचे कर्मचारीच घेतात. त्यामुळे वेळेच्या हिशेबाने हे काम दुय्यम नाही.

वेध घेणारा एक आणि गणित करणारा दुसरा, ही विभागणी केव्हाची याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचा आरंभ १७५७-५८ च्या सुमारास मानतात. हॅलीच्या धूमकेतूचे पुनरागमन वर्तवण्यासाठी क्लेरो, लालांद व निकोल-रेन लपोत या फ्रेंच गणितींनी तेव्हा आकडेमोड वाटून घेतली होती. भाकीत एप्रिल १७५९ च्या मध्याचे निघाले. धूमकेतू १३ मार्चलाच उपसूर्यबिंदूशी (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूशी) पोचला. दुसरे मत इंग्लंडच्या ग्रीनिच वेधशाळेकडे बोट दाखवते. तेथे वेधशाळेचे प्रमुख जॉर्ज एअरी यांनी १८३० च्या दशकात पगारी गणक मुले नेमून १७५० पासून साचलेल्या ग्रहवेधांचे संस्करण करवून घेतले. क्लेरो प्रभृतींचे गणित भाकिताचे होते, संस्करणाचे नव्हे. म्हणून ग्रीनिचचा दाखला अधिक ग्राह्य दिसतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल मात्र दोन्हींत बसत नाहीत. ग्रीनिचचे वेधकर्ते ब्रॅडली १७६२ मध्ये वारले. त्यांच्या वेधांतून ३,००० हून अधिक ताऱ्यांची स्थाने बेसेल यांनी एकहाती सिद्ध केली व १८१८ मध्ये प्रसिद्ध केली.

आजचे संस्करण सीसीडी (प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी चिप) प्रतिमांचे असते. कच्च्या प्रतिमेतून आधी बायस (उपकरणाची मूळ विद्युत् पातळी) व डार्क (प्रकाशाविना उष्णतेने साचणारा संकेत) वजा करतात, मग तिला फ्लॅटने भागतात. फ्लॅट म्हणजे संधिप्रकाशातील आकाशाची किंवा घुमटातील उजळलेल्या पडद्याची प्रतिमा. प्रत्येक पिक्सेलची संवेदनक्षमता किंचित वेगळी असते, शिवाय फिल्टरवरच्या धूलिकणांची फिकट वलये उमटतात. भागाकाराने दोन्ही दोष जातात. संधिप्रकाश भराभर बदलत असल्याने चांगला फ्लॅट मिळवणे हीच एक कसोटी असते. वैश्विक किरणांचे ठिपके काढण्यासाठी एकाच क्षेत्राच्या अनेक प्रतिमांचा मध्यक (क्रमाने लावलेल्या मूल्यांतील मधले मूल्य) घेतात.

या प्रतिमा ‘फिट्स’ नावाच्या फाइल-स्वरूपात साठवतात. ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले व १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने स्वीकारले. त्याच्या शीर्षकाची (फाइलच्या आरंभीच्या माहितीची) प्रत्येक नोंद ८० अक्षरांची असते आणि अशा ३६ नोंदींचा २,८८० बाइटांचा ठोकळा होतो. ८० हा आकडा पंचकार्डांचा, म्हणजे जुन्या संगणकांना माहिती पुरवणाऱ्या छिद्रांकित कार्डांचा. कार्डे गेली, रुंदी राहिली. २,८८० ची निवड तत्कालीन संगणकांच्या निरनिराळ्या शब्दलांबींनी (संगणक एका वेळी हाताळतो त्या बिटांच्या संख्येने) निःशेष भाग जावा म्हणून झाली.

दुर्बिणीच्या वेळेचे वाटप समिती करते. हबल अवकाश दुर्बिणीसाठी २०१८ पासून अर्जदारांची नावे परीक्षकांना कळू दिली जात नाहीत. थोडा वेळ संचालकाच्या मर्जीवर राखलेला असतो. हबल चालवणाऱ्या संस्थेचे तत्कालीन संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी तो डिसेंबर १९९५ मध्ये आकाशाच्या एका रिकाम्या भासणाऱ्या तुकड्यावर १० दिवस खर्चिला आणि मिळालेली विदा (माहिती) लगेच सर्वांना खुली केली. एरवी ती काही काळ अर्जदाराकडेच राखीव राहते.

अध्यापन, विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन व निधीसाठीचे अर्ज हेही याच कामात मोडतात. त्यांचे प्रमाण संस्थेनुसार बदलते.