बॅडलँड्समधल्या जीवाश्मस्थळी निघण्यापूर्वी

सहलीचा दिवस ठरला तरी शेवटचा शब्द पावसाचा असतो. आदल्या दिवशी पाऊस झाला, तर सकाळी लख्ख ऊन पडलं तरी आम्ही निघत नाही. यावर दरवेळी नाराजी होते, म्हणून कारण आधीच सांगतो.

कॅनडातला अल्बर्टा प्रांत आणि अमेरिकेतलं मोंटाना, डकोटा इथल्या बॅडलँड्सच्या, म्हणजे पाऊस-वाऱ्याने झिजलेल्या ओसाड टेकड्यांच्या थरांत बेंटोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही माती पाणी शोषून फुगते. वाळली की तिच्यावर लाह्या पसरल्यासारखा भुसभुशीत थर दिसतो. एक सर आली की त्याच उताराचा साबण होतो. बुटाच्या तळाला गाळाचे थर चढत जातात. गाडीच्या टायरच्या खाचा बुजतात आणि मग फोर-व्हील ड्राइव्ह असूनही चाकं जागच्या जागी फिरतात. जास्त रेटलं तर गाडी आणखी रुतते. अशा वेळी रस्ता वाळेपर्यंत थांबणं एवढंच हातात असतं, म्हणून प्रत्येक गाडीत एक जास्तीचं जेवण, पाणी आणि पांघरूण ठेवतोच.

जीवाश्म दिसतात तेही या मऊ थरांमुळेच. उतारावर झाडोरा टिकत नाही आणि पाऊस-वारा सतत नवा थर उघडा पाडतो. अल्बर्टाच्या डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये ही झीज वर्षाला सरासरी ४ मिलिमीटरच्या आसपास आहे. तिथली हाडं सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वीची.

चालताना

घोट्याच्या वर येणारे, खोल खाचांचे बूट हवेत. कोरड्या दिवशी घात करतात ते लोहखनिजाचे सुटे खडे: टणक मातीवर ते गोट्यांसारखे घरंगळतात. चढताना जाणवत नाही, उतरताना पाय निसटतो. म्हणून जिथून उतरता येईल याची खात्री आहे, तिथेच चढा. ओघळांच्या काठापासून लांब राहा. पाणी आतल्या आत माती पोखरून बोगदे करतं आणि वरून धड दिसणारी जमीन पायाखाली खचते. जिथे नजर पोचत नाही अशा कपारीत हात घालू नका. सावली सापालाही हवी असते.

माणशी किमान ४ लिटर पाणी लागतं. सावली जवळजवळ नसते आणि फिकट माती ऊन खालूनही परतवते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि गाडी उभी केलेली जागा जीपीएसवर नोंदवा. घळी सगळ्या सारख्याच दिसतात, आठवणीवर विसंबू नका.

हाड की दगड?

सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पोत उठून दिसतो. तुटलेल्या कडेवर भिंग धरा: हाडाला बाहेरून दाट कवच आणि आत स्पंजासारखी जाळी असते, दगडाला नसते. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं ही जुनी युक्ती खरी आहे, पण भिंग जास्त स्वच्छ. अल्बर्टात केशरी दगडफूल उघड्या हाडावर विशेष धरतं, त्यामुळे दुरूनही असा ठिपका पाहून ठेवावा. तुकडा उताराच्या पायथ्याशी सापडला, तर वर बघत चला. तुकडे जिथे संपतात, त्याच्या जरा वरच्या थरात मूळ हाड असण्याची शक्यता असते.

सापडलं तर उचलू नका. कोणत्या थरात, कोणत्या दिशेला, कशाशेजारी पडलं होतं, यातच निम्मी माहिती असते आणि उचलताच ती जाते. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक जवळचा फोटो घ्या, मग मागे सरून आजूबाजूच्या टेकड्यांसह दुसरा. जागेचे अक्षांश-रेखांश लिहा आणि आमच्या मार्गदर्शकाकडे द्या.

कायदाही हेच सांगतो. अल्बर्टात जीवाश्म प्रांताच्या मालकीचे असतात आणि प्रांतिक उद्यानातून खडाही उचलता येत नाही. अमेरिकेच्या संघीय जमिनीवर पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय गोळा करण्यास २००९च्या कायद्याने बंदी आहे. मंगोलियात ते राष्ट्राची मालमत्ता आहेत. १९२३मध्ये डायनासोरची अंडी सापडलेल्या बायनझागच्या लाल कड्यांवरही हाच नियम. परतताना गाडीपाशी आम्ही प्रत्येकाला खिसे आणि पिशव्या तपासायला सांगतो. रागावू नका, मुलांच्या खिशात हमखास काहीतरी निघतं.