गिटारच्या नेकचं लाकूड : साग की शिवण?

स्पॅनिश गिटारचा नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सीड्रेला या लाकडाचा असायचा, कारण स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींतून तो माल यायचा. लाकूड हलकं आणि न पिळणारं. पुढे स्टीलच्या तारा आल्या. आजच्या हलक्या तारांच्या संचाचा ताणही 70 किलोच्या पुढे, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या जवळपास दुप्पट. मग महोगनी रुळली, आणि 1923 मध्ये नेकच्या पोटात बसवून आवळता येणाऱ्या सळईचं, म्हणजे ट्रस रॉडचं, पेटंट निघालं.

खरी उलथापालथ 2003 नंतरची. त्या वर्षी मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पानांच्या महोगनीला आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवाना लागू झाला. तो तिथल्या झाडांपुरताच असल्याने आपल्या शेताच्या धुऱ्यावर लावलेली महोगनी त्यात येत नाही. पण आठ-दहा वर्षांच्या खोडातून सरळ रेषेचं पक्कं लाकूड निघतच नाही. रोपं विकणारे हे सांगत नाहीत.

मग वाद उरतो सागाचा. आलापल्ली-बल्लारपूरचं नाव, पडक्या वाड्यांच्या तुळया आणि सतारीच्या दांड्याला साग चालतो हा दाखला, यामुळे विदर्भात पहिला हात सागावरच जातो. तुळई अनेक दशकं वाळलेली, ही जमेची बाजू. मात्र सतारीचा दांडा पोकळ असतो, गिटारचा नेक भरीव. सागाचं वजन घनमीटरला साधारण 650 किलो, महोगनीचं 600 च्या आत, शिवणीचं 500 च्या आसपास. भरीव सागाने वाद्य डोक्याकडे, म्हणजे तारा आवळायच्या टोकाकडे, झुकतं. त्यातली सिलिका रंध्याची धार खाते आणि तेलामुळे डोक्याचा 15 अंशांचा तिरका जोड सुटतो. सागच घ्यायचा तर आधी चुंबक फिरवून खिळे शोधा, जोडाच्या जागी ताजा रंधा मारा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि लगेच सरस लावा.

शिवणीला उगाच हलकं समजतात. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी हवा आणि आषाढातली ओल, या दोन्हींत ती कमी हलते. उन्हाळ्यात फ्रेटची, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचतात ती फिंगरबोर्ड (नेकवर चिकटवलेली, बोटं ठेवायची फळी) आडवा आकसल्यामुळे. त्याचा दोष नेकवर टाकू नये. शिवणीची खरी अडचण मऊपणाची. टाचेत, म्हणजे नेक जिथे धडाला जोडतो तिथे, पेच लाकडाच्या उभ्या रेषेत धरत नाही. त्यासाठी टाचेतून शिसमाची आडवी खुंटी घालून पेच तिच्यात बसवावा. मधोमध शिसमाची 5-6 मिमी पट्टी चिकटवली तर ताठपणाही येतो. ट्रस रॉडची खाच याच पट्टीत पाडावी.

आरा मशीनवर फळीचं टोक बघा : वाढीच्या रेषा फिंगरबोर्डला काटकोनात उभ्या हव्यात. उरलेला तुकडा कुऱ्हाडीने फोडा. चीर फुटामागे अर्ध्या इंचापेक्षा जास्त बाजूला सरकली तर ती फळी नेकला नको. पावसाळ्यात चिरलेला माल आधी वजन करून, रचून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मगच कोरा.