"१०० जणांना प्लॅन दाखवा, १० येतातच" हे खरंय का?

नेटवर्क मार्केटिंगमध्ये (म्हणजे कंपनीचा माल विकायचा आणि आपल्याखाली माणसं जोडत जायची, त्या धंद्यात) एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की हा नुसता आकड्यांचा खेळ आहे, समोर कोण आहे ते बघू नका, १०० जणांना प्लॅन, म्हणजे यात कमाई कशी होते ते, दाखवला की १० जण जॉइन होणारच. नवीन माणसाला यातून धीर येतो, त्यामुळे पटणं साहजिक आहे.

पण ही १०० माणसं एकसारखी नसतात ना. एकाला हप्ता भरायला थोडे जास्तीचे पैसे हवेत, दुसरीला लहान बाळ सांभाळून घरून जमेल असं काम हवंय, तिसऱ्याला यातलं काहीच नकोय आणि तसं मोकळेपणाने म्हणता आलं पाहिजे त्याला. तिघांनाही तोच गाडी-बंगल्याचा व्हिडिओ दाखवला तर "बघतो" म्हणतात आणि पुढच्या वेळी फोनच उचलत नाहीत. आणि माणसं काही अमर्याद नाहीत, प्रत्येकाने ५ जण आणायचे म्हटलं तर १४व्या पायरीवर ६१० कोटी लोक लागतात!

स्वतःच तपासून बघा. वही घ्या, मागच्या १० भेटींसमोर लिहा की त्या माणसाला नक्की काय हवं होतं. जिथे काहीच लिहिता येत नाही तिथे आपण विचारलंच नव्हतं. मग जॉइन झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी कोण टिकलं तेही बघा.

समोरच्याला विचारल्यावर कळलं की त्याला पुढच्याच महिन्यात खात्रीचे पैसे हवेत, तर इथे ते जमणार नाही असं सरळ सांगा, कारण सरळमार्गी धंद्यात कमिशन माल विकल्यावर मिळतं, नुसता माणूस जोडल्याचं नाही.