911 ची फी की टॅक्स? सॅन होजेच्या फोनबिलातल्या एका ओळीमागची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत पोस्टपेड लाइन असेल तर बिलाच्या तळाशी दर लाइनला 1.57 डॉलरचा एक शहरी टॅक्स दिसतो. बहुतेक लोक तो बघतच नाहीत, आणि जे बघतात ते म्हणतात 911 चा, म्हणजे अमेरिकेतल्या इमर्जन्सी नंबरचा असेल. अर्धं बरोबर आहे. 2008 च्या आधी तो खरंच 911 चा होता, तेव्हा त्याचं नाव फी होतं आणि रक्कम 1.75 होती. मग लोकांनी मत देऊन त्याचा टॅक्स केला, रक्कम कमी झाली, आणि 911 शी असलेलं त्याचं कायदेशीर नातं मात्र सुटलं. हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं, पण 1968 ला 911 सुरू झालं तिथपर्यंत नको.

कॅलिफोर्नियाने 1972 मध्ये कायदा करून गावोगावी 911 आणायचं ठरवलं आणि 1976 मध्ये त्यासाठी फोनबिलावर राज्याचा सरचार्ज बसवला. त्या पैशातून नेटवर्क आणि कॉल घेणारी यंत्रं यायची. पण फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार त्यातून नाही, तो शहराने द्यायचा. पुढची सगळी भानगड इथून सुरू होते, कारण मशीन एकदा घेतलं की झालं, डिस्पॅचर, म्हणजे कॉल घेऊन मदत पाठवणारी माणसं, मात्र दिवसरात्र तीन पाळ्यांत बसवावे लागतात. त्यात 1978 ला राज्यघटनेत दुरुस्ती होऊन प्रॉपर्टी टॅक्सवर 1 टक्क्याची मर्यादा आली आणि शहरांचा हक्काचा पैसा आटला. त्याच दुरुस्तीत अजून एक अट होती, एखाद्या ठरावीक कामासाठी टॅक्स लावायचा तर दोन तृतीयांश मतं पाहिजेत. 1996 मध्ये ही दोरी अजून आवळली, साध्या टॅक्सलाही मतदान लागणार हे थेट राज्यघटनेतच गेलं.

आता शहरं काय करणार? डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर तिजोरीत खडखडाट. मग टॅक्स म्हणायचंच नाही, फी म्हणायचं. फीला मतदान लागत नाही, कौन्सिलने हात वर केले की झालं. सॅन फ्रान्सिस्कोत अशी फी आधीच होती, सॅन होजेजवळच्या युनियन सिटीने बसवली, सॅन होजेने 2004 मध्ये. युनियन सिटीत मोबाइल कंपन्या कोर्टात गेल्या. त्यांना नागरिकांचा पुळका आला होता असं मला वाटत नाही, वसुलीची कटकट त्यांच्या गळ्यात होती, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला.

मुद्दा असा की फी म्हणजे नक्की काय. आपल्याकडे लॉ केलेल्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. 1954 मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टापुढे मद्रासच्या मठाची केस होती आणि त्याच वर्षी मुंबई राज्याच्या पब्लिक ट्रस्ट कायद्याची पण. दोन्हीकडे धर्मादाय संस्थांकडून सरकार वर्गणी घेत होतं, मद्रासची टॅक्स ठरून उडाली आणि मुंबईची फी ठरून टिकली, फरक इतकाच की मुंबईत तो पैसा वेगळा ठेवून त्याच कामाला लावायचा होता. म्हणजे दिल्या पैशाच्या बदल्यात काहीतरी मिळालं पाहिजे, आणि तो पैसा कुठे गेला ते दाखवता आलं पाहिजे. युनियन सिटीचं म्हणणं जवळपास हेच होतं, आमचा पैसा 911 लाच जातो, ज्याच्याकडे फोन आहे त्याला 911 ची सोय मिळते, मग फी का नाही?

कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने 2008 मध्ये हे उडवलं. 911 ही कुणा ग्राहकाला विकलेली सेवा नाही, ती सगळ्या पब्लिकसाठी आहे. लाइन असणारा वर्षात एकदाही कॉल करत नाही तरी भरतो, आणि गावाबाहेरून आलेला पाहुणा एक सेंट न भरता कॉल करतो. पैसा 911 लाच जातो ना, मग तर हा ठरावीक कामासाठीचा टॅक्स झाला, म्हणजे दोन तृतीयांश मतं हवीत, आणि मतदान तर झालेलंच नाही. गंमत बघा, जो युक्तिवाद मुंबईच्या वर्गणीला तारून गेला तोच इथे उलटला. मला स्वतःला कोर्टाचं पटतं, पण त्याचा परिणाम जो झाला तो काही पटत नाही.

कारण शहरांनी काय धडा घेतला? लोकांकडे जा, हा घेतलाच, पण दोन तृतीयांश मागू नका हा पण घेतला. पैसा ठरावीक कामाला बांधला तर 66.67 टक्के लागतात, न बांधता जनरल फंडात, म्हणजे शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत टाकला तर निम्म्याहून एक मत जास्त पुरतं. म्हणून नोव्हेंबर 2008 च्या मतपत्रिकेवर सॅन होजेने मेझर जे नावाचा प्रस्ताव आणला, फी रद्द, त्याजागी टॅक्स, आणि 10 टक्के कपात. शेजारी मेझर के, फोनवरचा युटिलिटी टॅक्स 5 वरून साडेचार टक्के, पण नव्या तंत्रज्ञानाच्या सेवा पण त्यात ओढल्या. कपात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार! दोन्ही पास झाले. सॅन फ्रान्सिस्कोने त्याच दिवशी प्रपोझिशन ओ नावाचा प्रस्ताव आणून जुन्या दरातच फीचा टॅक्स करून घेतला. कायद्याने बघितलं तर हा पैसा आता रस्ते, पार्क, लायब्ररी कशालाही वापरता येतो. 911 ला कमी मिळतं असं मी म्हणत नाही, 911 लाच मिळेल ही सक्ती उरली नाही एवढंच. फी होती तेव्हा मत नव्हतं पण पैसा बांधलेला होता, आता मत आहे आणि पैसा मोकळा.

पुढचं पटकन. 2010 मध्ये राज्यभरच्या मतदानाने टॅक्सची व्याख्या इतकी रुंद केली की मोजके अपवाद सोडले तर सरकारने लावलेलं सगळंच टॅक्स, त्यामुळे फी नाव देऊन निसटायची वाट जवळपास बंद. 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाच्या एका निकालाने दुसरी फट उघडली, सह्या गोळा करून नागरिकांनीच आणलेल्या टॅक्सला दोन तृतीयांशची अट लागते का हा वाद सुरू झाला आणि नंतरच्या अपील निकालांनी साधं बहुमत चालतं असं सांगितलं. ती फट बुजवणारा प्रस्ताव 2024 च्या मतपत्रिकेवर येणार होता, जूनमध्ये कोर्टाने तो काढूनच टाकला. राज्याचा सरचार्ज पण बदलला. तो बोलण्याच्या बिलावर टक्केवारीने होता, लोक डेटावर गेल्यावर फंड सुकला, म्हणून जानेवारी 2020 पासून दर लाइनला सरसकट केला, सुरुवातीला 30 सेंट. 2023 मध्ये त्याच्या शेजारी मानसिक आरोग्याच्या 988 साठी 8 सेंट आले.

म्हणजे राज्याचा हिशोबही आता टक्क्यांवरून लाइनच्या संख्येवर आलाय, शहराच्या या टॅक्ससारखा. चार जणांचा फॅमिली प्लॅन असेल तर शहराचे महिन्याला 6.28. उन्हाळ्यात आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आणि त्यांना त्याच प्लॅनमध्ये एक नंबर घेऊन दिला की 7.85. आणि त्यांच्या जुन्या फोनमध्ये अमेरिकन सिम टाकलंच नाही तरी, फोन इथलं नेटवर्क पकडत असेल तर, त्यावरून 911 लागतो, एकही सेंट न भरता, कोर्टाने सांगितलेल्या त्या गावाबाहेरच्या पाहुण्यासारखा.