उन्हात ठेवलेल्या पलंगातले ढेकूण

‘जुना पलंग दोन दिवस कडक उन्हात ठेवा, ढेकूण मरतात.’ अकरा महिन्यांसाठी घर भाड्याने घेणारे मुंबईतल्या ओशिवऱ्याच्या बाजारातून सेकंडहँड सामान आणतात, तेव्हा हा सल्ला हमखास मिळतो. आजीही तेच करायची, त्यामुळे तो खरा वाटणं साहजिक आहे.

ढेकूण आणि त्याची अंडी मरायला साधारण ५० अंश सेल्सिअस उष्णता लागते, तीही जिथे तो लपलाय तिथपर्यंत पोहोचलेली. मुंबईत मे महिन्यातही हवा ३३-३४ अंशांच्या आसपास. उन्हात फळीचा वरचा भाग चटका देतो, पण सांधे आणि स्क्रूची भोकं त्या मानाने थंडच. ढेकूण तिकडे सरकतो. उपाशीही तो कित्येक महिने तग धरतो, म्हणून ‘पलंग काही महिने रिकामाच होता’ हेही फार मनावर घेऊ नका.

विकत घेण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून सांधे बघा, फटींतून जुनं कार्ड फिरवा. शाईचे थेंब पडल्यासारखे काळे ठिपके, फिकट कात किंवा पांढरी बारीक अंडी दिसली तर सौदा सोडा. लोखंडी पलंगात फटी कमी, शिवाय उकळतं पाणी ओतता येतं. प्लायवूड मात्र त्याने फुगतं. गादी तेवढी नवीच घ्या, कापसाची चालेल.