एपिक विरुद्ध ॲपल आणि एपिक विरुद्ध गूगल: तक्रार एकच, निकाल उलटे का?

१३ ऑगस्ट २०२०. फोर्टनाइट खेळणाऱ्यांना त्या दिवशी आयफोनवर एक नवा पर्याय दिसला. गेममधलं चलन, म्हणजे १,००० व्ही-बक्स घ्यायचे तर ॲपलमार्फत ९.९९ डॉलर आणि थेट फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीला दिले तर ७.९९ डॉलर. अँड्रॉइडवरही तसंच, फक्त ॲपलच्या जागी गूगल प्ले. अशा खरेदीवर दोन्ही कंपन्या ३० टक्के कमिशन घेत आणि पैसे आपल्याच यंत्रणेतून भरायची सक्ती करत. एपिकने तो नियम जाणूनबुजून मोडला. दोघांनीही त्याच दिवशी फोर्टनाइट आपापल्या स्टोअरमधून काढून टाकलं आणि एपिकने त्याच दिवशी दोघांवरही दावे ठोकले.

फिर्यादी तोच, गेम तोच, कमिशन तेवढंच, दावेही कॅलिफोर्नियातल्या एकाच जिल्हा न्यायालयात. त्यामुळे या दोन खटल्यांची सरमिसळ होते यात नवल नाही. पण ॲपल दहापैकी नऊ मुद्द्यांवर जिंकली आणि गूगल सगळ्याच मुद्द्यांवर हरली. मग लोक विचारतात: अँड्रॉइडवर निदान बाहेरून ॲप टाकता तरी येतं, आयफोनवर तीही सोय नव्हती. कुलूप लावणारा सुटला आणि दार किलकिलं ठेवणारा सापडला, हा कुठला न्याय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ३० टक्क्यांमध्ये शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ते ‘बाजार’ या एका शब्दात आहे.

गावात किराणा मालाचं एकच दुकान असेल तर गावापुरती त्याची मक्तेदारी. तालुक्याचा बाजार हिशेबात धरला तर तेच दुकान पन्नासातलं एक. दुकानदार तोच, भावही तेच, बदलली ती फक्त मोजणीची हद्द. मक्तेदारीच्या खटल्यात पहिली लढाई या हद्दीवरून होते आणि अर्धा खटला तिथेच ठरतो.

ॲपलचा खटला मे २०२१ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे चालला. ज्यूरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, नव्हती. एपिकचं म्हणणं, आयफोनवरचं ॲपवाटप हाच एक स्वतंत्र बाजार आणि त्यात ॲपल एकटीच. ॲपलचं म्हणणं, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, संगणक असे सगळ्या गेमचे व्यवहार धरा. न्यायाधीशांनी दोन्ही हद्दी नाकारल्या आणि मधली आखली: मोबाइल गेममधले डिजिटल व्यवहार. या हद्दीत गूगल ॲपलची प्रतिस्पर्धी ठरली. ॲपलचा हिस्सा ५५ टक्क्यांहून जास्त आणि नफा प्रचंड, हे निकालात स्पष्ट लिहिलंय. पण तेवढ्यावरून कायदा मोडल्याचं सिद्ध होत नाही, यशस्वी होणं बेकायदा नाही, असंही त्यात म्हटलंय. ३० टक्के योग्यच आहेत, असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही. ही गल्लत मराठी चर्चांमध्येही दिसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

एका मुद्द्यावर ॲपल हरली. ‘बाहेर स्वस्त मिळतं’ हे ग्राहकाला सांगायलाही ती ॲपवाल्यांना बंदी करत होती. कॅलिफोर्नियाच्या अनुचित स्पर्धा कायद्याखाली ही बंदी उठवायचा आदेश झाला.

गूगलचा खटला नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, न्यायाधीश जेम्स डोनाटो आणि ज्यूरीपुढे. इथे ज्यूरीने एपिकची हद्द मान्य केली: अँड्रॉइडवरचं ॲपवाटप आणि अँड्रॉइड ॲपमधली बिल-वसुली. यात आयफोन स्पर्धेत येतच नाही. पण माझ्या मते गूगलला खरं भोवलं ते तिने इतरांशी केलेलं करारमदार. ॲपल आपला फोन आपणच बनवते. तिला आपल्या आवारात दुसरं दुकान नको असेल तर कुणाला पैसे चारावे लागत नाहीत. अँड्रॉइड फोन बनवतात इतर कंपन्या. तिथे दुसरं स्टोअर उभं राहू नये म्हणून गूगलने फोन कंपन्यांना उत्पन्नात वाटा दिला, मोठ्या गेम कंपन्यांनी प्ले सोडू नये म्हणून ‘प्रोजेक्ट हग’ नावाची योजना राबवली आणि एकट्या ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीशी सुमारे ३६ कोटी डॉलरचा करार केला. प्रत्येक कराराचा कागद होता आणि तो ज्यूरीपुढे आला.

जे आलं नाही त्याचाही फटका बसला. कर्मचाऱ्यांचं आपसातलं चॅट २४ तासांत आपोआप पुसलं जाईल, अशी सोय गूगलने दावा सुरू असतानाही चालू ठेवली होती. पुसलेल्या संदेशांत गूगलच्या विरोधातला मजकूर होता असा निष्कर्ष तुम्ही काढू शकता, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं. ११ डिसेंबर २०२३ ला ज्यूरीने काही तासांतच एकमताने गूगलला दोषी ठरवलं.

गूगलने अपिलात तोच सवाल केला जो लोक करतात: ॲपल आमची स्पर्धक आहे हे आधीच ठरलंय, मग इथे वेगळं कसं? नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या) अपील न्यायालयाने ३१ जुलै २०२५ ला ते फेटाळलं. दोन कंपन्या एका बाजारात स्पर्धक असतील, दुसऱ्या बाजारात नसतील. शिवाय ॲपलचं आवार कुंपण घातलेलं, तर अँड्रॉइड मोकळं म्हणून पुढे आणलेलं. दोन्हींची व्यावसायिक रचनाच निराळी. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. तरीही मला ते टोचतं, कारण पहिल्या दिवसापासून सगळं बंद ठेवणाऱ्याला पुढे कुणाशी करार करायची गरजच उरत नाही.

ॲपलचा विजयही वाटतो तेवढा निर्भेळ नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अपील ऐकायला नकार दिल्यावर ॲपलने बाहेरच्या लिंकला परवानगी दिली, पण त्या खरेदीवर २७ टक्के कमिशन लावलं. १०० डॉलरच्या विक्रीतले २७ ॲपलला, वर कार्ड-प्रक्रियेचा खर्च. ॲपवाल्याच्या हाती उरलं काय? ३० एप्रिल २०२५ ला न्यायाधीश गोन्झालेझ रॉजर्स यांनीच ॲपलला न्यायालयाच्या अवमानासाठी दोषी ठरवलं, वित्त विभागाच्या उपाध्यक्षाने शपथेवर खोटं सांगितल्याचं नोंदवलं आणि फौजदारी अवमानाचा प्रश्न सरकारी वकिलांकडे पाठवला.

आपल्याकडे हीच हद्द वेगळी आखली गेली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ ला प्ले बिलिंगच्या, म्हणजे गूगलच्याच यंत्रणेतून पैसे भरायच्या सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटी रुपये दंड केला, तेव्हा बाजार धरला तो भारतातल्या अँड्रॉइड ॲप स्टोअरचा. मार्च २०२५ मध्ये अपिलात हा दंड २१६.६९ कोटींवर आला. आणि ॲपलविरुद्ध चौकशीचा आदेश देताना, ३१ डिसेंबर २०२१ ला, आयोगाने प्रथमदर्शनी बाजार मानला तो भारतातल्या आयओएस (आयफोनच्या प्रणालीच्या) ॲप स्टोअरचा. कॅलिफोर्नियात एपिकने मागितलेली आणि तिला न मिळालेली हद्द जवळपास हीच होती.